अपघातातील दोषाची वाटणी : टक्केवारी ठरते, निकष मात्र कायद्यात नाही

नवी दिल्ली : तमिळनाडूतील कोईमतूर येथे ७ जानेवारी २०१७ रोजी अभियांत्रिकीचा एक २० वर्षीय विद्यार्थी मोटारसायकलवरून जात असताना त्याच्या पुढील मोटार अचानक थांबली. मोटारसायकल तिच्या मागील भागावर आदळली, विद्यार्थी रस्त्यावर पडला आणि मागून येणारी बस त्याच्या पायावरून गेली. त्याचा डावा पाय कापावा लागला. सोबत असलेल्या गर्भवती पत्नीला मळमळू लागल्याने आपण गाडी थांबवली, असे मोटारचालकाचे म्हणणे होते. या अपघातात चूक कोणाची, या प्रश्नाला पुढील साडेआठ वर्षांत तीन न्यायपीठांनी तीन निरनिराळी उत्तरे दिली.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने मोटारचालकाला पूर्णपणे दोषमुक्त ठरवून बसचालकावर ८० टक्के आणि विद्यार्थ्यावर २० टक्के दोष ठेवला. मद्रास उच्च न्यायालयाने ही वाटणी मोडून मोटारचालक ४०, बसचालक ३० आणि विद्यार्थी ३० टक्के अशी नवी वाटणी केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी मोटारचालकाचा वाटा ५० टक्क्यांवर नेला, बसचालकाचा ३० टक्के कायम ठेवला आणि विद्यार्थ्याचा पुन्हा २० टक्क्यांवर आणला. महामार्गावर वाहने वेगाने धावणार हे गृहीतच असते, त्यामुळे तेथे वाहन थांबवू पाहणाऱ्याने मागून येणाऱ्यांना इशारा देणे ही त्याची जबाबदारी आहे आणि मोटारीचा अचानक लावलेला ब्रेक हेच या अपघाताचे मूळ कारण होते, असे न्यायालयाने म्हटले. एकूण भरपाई सुमारे १ कोटी १४ लाख रुपये निश्चित झाली आणि विद्यार्थ्याच्या वाट्याचे २० टक्के वजा करून ९१ लाखांहून थोडी अधिक रक्कम त्याला देय ठरली. उच्च न्यायालयाची ३० टक्क्यांची वजावट कायम राहिली असती, तर याच रकमेतून आणखी सुमारे ११ लाख ४० हजार रुपये कापले गेले असते. पाय एकच गमावला होता आणि घटनाक्रमही तोच होता. बदलली ती दोषाची टक्केवारी.

कायद्याच्या परिभाषेत याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. जखमी किंवा मृत व्यक्तीनेही पुरेशी काळजी घेतली नव्हती आणि त्या हयगयीचा अपघातात वाटा होता असे सिद्ध झाले, तर त्या वाट्याइतकी रक्कम भरपाईतून वजा होते. देशातील न्यायाधिकरणांपुढे दररोज उपस्थित होणारा हा मुद्दा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात ४ लाख ८० हजार ५८३ रस्ते अपघात झाले; त्यांत १ लाख ७२ हजार ८९० जणांचा मृत्यू झाला आणि ४ लाख ६२ हजार ८२५ जण जखमी झाले. यांतील जी कुटुंबे न्यायाधिकरणापर्यंत पोहोचतात, त्यांच्या दाव्याला विमा कंपनीने दिलेल्या लेखी उत्तरात ‘अपघात अर्जदाराच्याच चुकीमुळे झाला’ हे वाक्य बहुधा असतेच. वजावटीचा हा मुद्दा एवढा नित्याचा असूनही ती केव्हा करावी, किती करावी आणि कोणत्या निकषावर करावी, हे सांगणारे एकही कलम मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये नाही. कलम १६८ न्यायाधिकरणाला ‘न्याय्य वाटेल’ अशी भरपाई ठरवण्यास सांगते. बाकी सारे न्यायालयीन निकालांतून घडले आहे.

या विषयात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन सारख्या वाटणाऱ्या संकल्पनांमुळे. एखाद्या बसची आणि ट्रकची टक्कर झाली, दोन्ही चालकांची चूक होती आणि बसमधील प्रवासी जखमी झाला, तर तो संयुक्त निष्काळजीपणा ठरतो. प्रवाशाची स्वतःची काहीच चूक नसल्याने त्याच्या भरपाईतून एक रुपयाही वजा होत नाही. भरपाई १० लाख रुपये ठरली आणि बसचालकाचा दोष ६० टक्के, ट्रकचालकाचा ४० टक्के निघाला, तरी प्रवासी संपूर्ण १० लाख रुपये ट्रकच्या विमा कंपनीकडून मागू शकतो. त्या कंपनीने आपले ६ लाख नंतर बसच्या मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून वसूल करावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन सदस्यीय खंडपीठाने २०१५ मध्ये हे निःसंदिग्धपणे स्पष्ट केले. त्याच टक्करीत जखमी बसचालकाने दावा केला, तर मात्र त्याचा ६० टक्के दोष वजा होऊन त्याला ४ लाख रुपयेच मिळतील.

हाच भेद एका कुटुंबात कसा उतरतो, हे पाहण्यासारखे आहे. पती दुचाकी चालवत आहे, पत्नी मागे बसली आहे, टेम्पोशी टक्कर होते आणि दोघेही जखमी होतात. पतीचा ३० टक्के दोष ठरला, तर त्याच्या भरपाईतून ३० टक्के कमी होतात. पत्नीच्या भरपाईतून काहीही कमी होत नाही, कारण तिच्या दृष्टीने पती आणि टेम्पोचालक हे दोघे संयुक्त दोषी आहेत. तत्त्व इतके साधे असूनही प्रवाशांच्या दाव्यांत चालकाचा दोष वजा केल्याचे निकाल अजूनही येत असतात. महामार्गावर मध्येच उभ्या करून ठेवलेल्या मोठ्या मालवाहू ट्रेलरवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात असेच घडले होते. कर्नाटकातील न्यायाधिकरण व उच्च न्यायालय या दोन्ही ठिकाणी मोटारचालकावर निम्मा दोष ठेवला गेला आणि त्याची झळ प्रवाशांच्या दाव्यांनाही बसली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केला. चालकाची हयगय त्याच्या प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, हे त्या निकालाने पुन्हा एकदा सांगावे लागले.

या तत्त्वाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेथे १८०९ मधील एका खटल्यात रस्त्यावर आडव्या टाकलेल्या खांबाला धडकलेल्या घोडेस्वाराला भरपाई नाकारली गेली, कारण तो स्वतः बेफाम वेगाने जात होता. अर्जदाराची किंचितशीही चूक असेल तर काहीही मिळणार नाही, असा हा कठोर नियम होता. १८४२ मध्ये पाय बांधून रस्त्यावर सोडलेल्या एका गाढवाच्या मृत्यूवरून त्याला थोडी मुरड पडली. गाढव असे सोडणे ही मालकाची चूक असली, तरी अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवानाला होती, म्हणून दोष त्याचा, असे न्यायालयाने म्हटले. अखेर १९४५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची पद्धत आणली. अमेरिकेत अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांत आजही जुना कठोर नियम बव्हंशी टिकून आहे.

भारतात १९४५ सारखा केंद्रीय कायदा झालाच नाही. केरळने १९७६ मध्ये स्वतःपुरता कायदा केला. इतरत्र न्यायालयांनी समन्याय आणि सद्सद्विवेक यांच्या आधारे प्रमाणशीर वाटणीचे तत्त्व स्वीकारले. त्यातून उदार अशी व्यवस्था आकाराला आली हे मान्य केले पाहिजे. अर्जदाराचा दोष निम्म्याहून अधिक असला तरी त्याचा दावा फेटाळला जात नाही, उरलेला वाटा त्याला मिळतो.

विधिमंडळाच्या मौनात एक लक्षणीय विसंगती आहे. अपघातग्रस्ताच्या ‘जबाबदारीतील वाट्या’चा स्पष्ट उल्लेख कायद्यात होता, पण तो वजावट करण्यासाठी नव्हे, वजावट रोखण्यासाठी होता. दोष सिद्ध न करता मिळणाऱ्या तातडीच्या भरपाईच्या कलम १४० मध्ये, मृत वा कायमचे अपंगत्व आलेल्या व्यक्तीचा अपघातातील वाटा पाहून ही रक्कम कमी करता येणार नाही, असे स्वच्छ शब्दांत नमूद होते. जुन्या कायद्यात १९८२ मध्ये आलेली ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने वगळली गेली. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. तिच्या जागी आलेल्या नव्या कलम १६४ मध्ये मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद असून त्यासाठी वाहनचालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. जबाबदारीच्या वाट्याबद्दलचे ते जुने स्पष्ट वाक्य मात्र नव्या कलमात उतरलेले नाही.

टक्केवारी प्रत्यक्षात ठरते ती कागदपत्रांवरून. प्राथमिक माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, वाहनांच्या नुकसानीचा तपशील, शवविच्छेदन अहवाल आणि असलाच तर एखादा प्रत्यक्षदर्शी, एवढ्यावर न्यायाधिकरणाला निर्णय घ्यावा लागतो. यांपैकी पहिला कागदच अनेकदा एकतर्फी असतो. जखमी रुग्णालयात, नातेवाईक धावपळीत आणि पोलीस ठाण्यात जबाब देण्यास हजर असतो तो समोरचा चालक किंवा ऐकीव माहितीवर बोलणारा कोणी. मृत व्यक्ती आपली बाजू मांडू शकत नाही, हे तर उघडच आहे. कित्येक प्रकरणांत गुन्हा मृत दुचाकीस्वारावरच नोंदवलेला असतो आणि पुढे तोच अहवाल विमा कंपनीचा मुख्य पुरावा ठरतो.

या कागदांचे वजन किती मानावे, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मर्यादा घालून दिल्या आहेत. केरळमधील एका प्रकरणात २०१३ मध्ये न्यायालयाने म्हटले, की पंचनाम्यात वाहने कोणत्या स्थितीत आढळली एवढ्यावरून मृत चालकाची हयगय अनुमानाने ठरवता येणार नाही आणि शवविच्छेदनात मद्याचा अंश नोंदलेला असला तरी अन्य पुरावा नसताना तो दोष मानता येणार नाही. टक्करीनंतर अवजड वाहन कोठे थांबते आणि हलके वाहन कोठे फेकले जाते, हे वेगाइतकेच वजनावर अवलंबून असते, ही साधी गोष्ट या भूमिकेच्या मुळाशी आहे. दावा न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका संशयातीत पुरावा लागत नाही. शक्यतांचा तोल कोणत्या बाजूला झुकतो, एवढेच पाहायचे असते. हे तत्त्व अर्जदाराला जसे लागू आहे तसे विमा कंपनीलाही लागू आहे. अर्जदाराची हयगय होती असे जो म्हणतो त्याने ती सिद्ध केली पाहिजे. त्यासाठी सर्वांत स्वाभाविक साक्षीदार म्हणजे प्रतिवादी वाहनाचा चालक. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभाच राहिला नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. तरीही असंख्य दाव्यांत चालक गैरहजर राहतो आणि ‘दोन्ही वाहनांची समोरासमोर धडक झाली, म्हणजे दोघांचीही चूक असणार’ अशा अर्थाच्या एका वाक्यावर निम्मी-निम्मी वाटणी होऊन जाते.

अशा वाटणीला सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे बऱ्याच वेळा हरकत घेतली आहे. दिव्याविना रस्त्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने टँकरचालकाला पूर्ण दोषी धरले होते. उच्च न्यायालयाने ती वाटणी निम्मी-निम्मी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निष्कर्ष पुन्हा कायम केला. बंगळुरू महानगर परिवहन महामंडळाची बस व मोटारसायकल यांच्या अपघातात उच्च न्यायालयाने मृत दुचाकीस्वारावर ठेवलेला २५ टक्के दोषही २०२५ च्या प्रारंभी पुराव्याअभावी रद्द झाला. अर्थात प्रत्येक वेळी अर्जदाराचीच बाजू उचलली गेली असे नाही. बृहन्मुंबई महापालिकेच्या बसशी झालेल्या अपघातात मरण पावलेल्या १८ वर्षांच्या सायकलस्वाराचा २५ टक्के वाटा २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निश्चित केला होता.

या निकालांमधून एक सूत्र निश्चित निघते : नियमभंग आणि हयगय या एकच गोष्टी नाहीत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परवान्याविना वाहन चालवणे हा गुन्हा आहे, पण परवाना नाही एवढ्यानेच अपघातात त्याचा हात होता असे होत नाही. हे सूत्र ८ जानेवारी २०२० च्या निकालात सर्वांत नेमकेपणाने मांडले गेले. मोटारसायकलवर तिघे बसले होते, मागून आलेल्या मोटारीने धडक दिली आणि मागे बसलेला २३ वर्षांचा तरुण दगावला. तिघे बसल्याने तोल गेला असणार, असे मानून दिल्ली उच्च न्यायालयाने १० टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ही वजावट रद्द केली. तिघांनी दुचाकीवर बसणे हा कायद्याचा भंग आहे आणि त्यासाठी दंड आहे. पण भरपाई कमी करायची असेल तर त्या भंगाचा अपघाताशी किंवा अपघाताच्या आघाताशी कार्यकारण संबंध दाखवला पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मागून आलेली मोटार आदळली असताना दुचाकीवर दोघे होते की तिघे, याने काय फरक पडला, हे विमा कंपनीला दाखवता आले नव्हते.

या सूत्रातील दुसरा भाग, म्हणजे ‘आघाताशी संबंध’, हेल्मेट आणि आसनपट्ट्याच्या प्रश्नाला थेट भिडतो. हेल्मेट न घातल्याने टक्कर होत नाही, पण डोक्याची इजा वाढते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सत्तरच्या दशकातच यासाठी ठोकताळे ठरवून दिले : पट्टा लावला असता तर इजा पूर्णपणे टळली असती, असे असल्यास २५ टक्के वजावट; ती केवळ कमी झाली असती, तर १५ टक्के; काहीच फरक पडला नसता, तर शून्य. भारतात असे ठोकताळे नाहीत. हेल्मेटअभावी वजावट करणारे आणि तशी वजावट नाकारणारे, असे दोन्ही प्रकारचे निकाल उच्च न्यायालयांतून आलेले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाल्यानंतर मागील आसनावरील पट्ट्याची चर्चा देशभर झाली. ती दंडाभोवतीच फिरली. भरपाईवर पट्ट्याचा काय परिणाम व्हावा, हा प्रश्न बाजूलाच राहिला. मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ आणि पट्टा न लावलेल्यांची १६ हजार ७१५ अशी दिली आहे. म्हणजे हा प्रश्न एका वर्षात ६६ हजारांहून अधिक मृत्यूंच्या संदर्भात उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर मात्र कोणत्या राज्यात दावा दाखल झाला, यावर अवलंबून राहते.

कार्यकारण संबंधाचे सूत्र खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्याही प्रत्येक निकालात सारख्याच कसोशीने पाळले जाते असे नाही. कोईमतूरच्या प्रकरणात विद्यार्थ्यावर २० टक्के दोष ठेवताना न्यायालयाने दोन कारणे दिली : पुढील वाहनापासून त्याने पुरेसे अंतर राखले नव्हते आणि त्याच्याकडे वैध परवाना नव्हता. पहिले कारण समजण्यासारखे आहे. अंतर अधिक असते तर धडक कदाचित टळली असती. परवान्याच्या कागदाने ती कशी टळली असती, हे २००८ आणि २०२० च्या निकालांच्या प्रकाशात सांगणे कठीण आहे. वजावट २० टक्क्यांवर आल्याने विद्यार्थ्याला दिलासा मिळाला. पण त्या २० पैकी किती टक्के अंतरासाठी आणि किती परवान्यासाठी, हे निकालातून कळत नाही. परवाना नसलेल्या पुढच्या अर्जदाराविरुद्ध विमा कंपनी हाच निकाल पुढे करणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

विमा कंपन्यांची बाजू सर्वस्वी अग्राह्य आहे असे नाही. तृतीय पक्ष विमा सक्तीचा असून त्याचा हप्ता सरकार ठरवते. दाव्यांचा बोजा वाढला तरी कंपनीला तो स्वतःच्या मर्जीने वाढवता येत नाही. बनावट साक्षीदार, दुसऱ्याच वाहनाचा क्रमांक घालून केलेले दावे, मालक आणि अर्जदार यांचे संगनमत हे प्रकारही न्यायालयांपुढे आलेले आहेत आणि अशा संगनमतात कंपनीला सर्व मुद्द्यांवर लढण्याची मुभा कलम १७० देते. भरधाव वेगाने वळण घेणाऱ्या चालकाला आणि आपल्या बाजूने नीट जाणाऱ्याला सारखीच भरपाई मिळावी, असे कोणी म्हणणार नाही. जुलै २०२५ च्या प्रारंभी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात, स्वतःच्याच बेदरकार चालवण्यामुळे मरण पावलेल्या चालकाच्या वारसांना भरपाई नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला. अन्य वाहनाचा संबंध नव्हता, दोष पूर्णपणे मृताचा होता. अशा वेळी वारसांना दोष-आधारित दावा करता येत नाही. मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात विमा संरक्षण हा त्या परिस्थितीतील मुख्य आधार असतो, पण हे संरक्षण घेतलेले आहे की नाही, हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते.

प्रश्न वजावट असावी की नसावी हा नाही. ती कोणाच्या वाट्याला येते हा आहे. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार रस्त्यांवर मरण पावलेल्यांत ४४.५ टक्के दुचाकीस्वार आणि १९.५ टक्के पादचारी होते. मोटार किंवा ट्रकचालक अपघातातून बहुधा जिवंत बाहेर येतो. त्याला भरपाई मागायची नसते, म्हणून त्याच्या खिशातून टक्केवारी वजा होण्याचा प्रश्नही येत नाही. त्याच्या वाट्याची रक्कम विमा कंपनी भरते. पादचाऱ्याचा किंवा दुचाकीस्वाराचा १० टक्के दोष मात्र थेट त्याच्या घरातील पैशांतून जातो. पादचाऱ्याने झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडला नाही, असा आक्षेप घेतला जातो, तेव्हा त्या रस्त्यावर असे पट्टे किती किलोमीटरवर आहेत, हे पाहणारा पंचनामा क्वचितच असतो. लहान मुलांच्या बाबतीत न्यायालये अधिक सावध आहेत. रस्त्याचे धोके समजण्याचे वय नसलेल्या बालकावर हयगयीचा आरोप टिकत नाही, अशी सर्वसाधारण भूमिका आहे.

दोषाच्या वादातच पडायचे नसेल, तर कलम १६४ चा मार्ग आहे. त्याची किंमत मोठी आहे. ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालील दोष-आधारित दावा संपुष्टात येतो. महिन्याला ३०-४० हजार रुपये कमावणाऱ्या तिशीतील माणसाच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने रूढ केलेल्या गुणक पद्धतीने मिळू शकणारी भरपाई ५ लाखांच्या अनेक पट असते. मृताचा निम्मा दोष धरला तरी ती जास्तच भरते. त्यामुळे ज्यांना आजच पैशांची गरज आहे, तेच अल्प रकमेवर समाधान मानण्याची शक्यता अधिक. सल्ला देणारा कोणी नसेल, तर टक्केवारीची भीती दाखवून हा पर्याय गळी उतरवणे अवघड नाही.

एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी पुराव्याच्या बाजूने काही बदल घडवला आहे. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला सादर करायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना निर्देशही दिले. छायाचित्रे, घटनास्थळाचा नकाशा, वाहनांची तांत्रिक तपासणी, चालकाचा व मालकाचा जबाब हे सारे सुरुवातीलाच नोंदले गेले, तर दहा वर्षांनी अंदाजाने टक्के ठरवण्याची वेळ कमी येईल. महामार्गांवरील कॅमेरे आणि गाड्यांत बसवलेले कॅमेरेही आता साक्षीदाराचे काम करू लागले आहेत. पण उत्तम पुरावा हाती असूनही तो मोजायचा कोणत्या मापाने, हे कायद्याने सांगितलेले नाही. कार्यकारण संबंधाची अट, सिद्धतेचा भार कोणावर याचा उल्लेख, प्रवासी आणि बालक यांना वजावटीतून वगळणे आणि हेल्मेट-पट्ट्यासाठी कमाल मर्यादा, एवढ्या चार गोष्टी कलम १६८ ला जोडलेल्या एखाद्या पोटकलमात बसू शकतात. त्यासाठी नवे काही शोधायचे नाही. बहुतेक सामग्री सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत तयार आहे.

या वाटणीत आणखी एक पक्ष नेहमी गैरहजर असतो, तो म्हणजे रस्ता. खड्डा चुकवताना दुचाकीस्वार घसरला आणि मागच्या वाहनाखाली आला, तर दोष दुचाकीस्वार आणि मागचा चालक यांच्यात वाटला जातो; खड्डा ठेवणाऱ्याच्या नावापुढे टक्का पडत नाही. सदोष बांधणी व देखभालीसाठी कंत्राटदार आणि यंत्रणांना जबाबदार धरणारे कलम १९८अ २०१९ मध्ये आले, पण त्यातील कमाल दंड एक लाख रुपयांचाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये याच्या पुढे पाऊल टाकले. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा तसेच ही रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. मोटार वाहनाशी संबंधित अपघातात रेल्वेसारख्या अन्य दोषी संस्थेविरुद्धचा दावाही न्यायाधिकरण ऐकू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच म्हटले होते. त्या आधारे रस्त्याच्या यंत्रणांना संयुक्त दोषी म्हणून नियमितपणे दाव्यांत ओढले गेले, तर अर्जदाराच्या वाट्याला येणाऱ्या टक्क्यांचे चित्र बदलू शकते.

दरम्यान, टक्केवारीच्या वादापर्यंत पोहोचण्याआधीच दावा संपवणारी आणखी एक तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या विचाराधीन आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करण्याची मुदत परत आणली. जुनी मुदतीची अट १९९४ मध्ये रद्द झाली होती. हाडे जुळण्यास, अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळण्यास आणि पोलिसांचे कागद हाती येण्यास अनेकांना याहून जास्त काळ लागतो. या तरतुदीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश देताना, पुढील आदेश होईपर्यंत केवळ मुदत उलटली या कारणावरून न्यायाधिकरणांनी व उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.